घरात पुस्तके : शून्य

चारुताबाई सावंतवाडीच्या कॉलेजात शिकवत आणि ‘ठाकर आदिवासी मुलांचे शैक्षणिक मागासलेपण’ या विषयावर पीएचडी करत. मुलं मागासलेली, हे विषयातच ठरून गेलं होतं. उरले होते फक्त फॉर्म. एका रविवारी पिंगुळी गावात घरोघर फिरून त्यांनी ते पाट्या टाकल्यासारखे भरले.

त्यातल्या एका घरचे सत्यवानआजोबा चित्रकथी, चित्रं दाखवत कथा सांगणारे. पाचवीतल्या नातीला, आकांक्षाला, समोर बसवून ते एकेक चित्र उचलत रामायण शिकवत होते. “किती गोड!” म्हणत बाईंनी फोटो काढला आणि लिहिलं : घरात पुस्तके शून्य, घरी शिकवणारे कोणी नाही.

“बाई, ही चित्रांची पोथी आसा मां?” आकांक्षाने विचारलं.

“अगं, पुस्तक म्हणजे छापलेलं.” उचलली जीभ, लावली टाळ्याला!

महिन्याभराने बाई चाचणी घ्यायला शाळेत आल्या, तर आकांक्षा व्हरांड्यात अ-आ गिरवत बसलेली. बाईंनी शाळेला दिलेला अहवाल वाचून मुख्याध्यापकांनी ‘मागे पडणाऱ्यांचा गट’ काढला होता. आत स्कॉलरशिपचा वर्ग चालू होता.

“तुला तर वाचता येतं गं!”

“येता. पण तुमीच लिवलास मां, घराक कोण शिकवणारो नाय म्हणान. आता आजो खराच शिकवणा नाय. म्हणता, शिकलेल्या बायनी लिवल्यानी तां खोटां कसां आसतलां?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संशोधनाच्या नावाखाली त्यांनी पोरीचा वर्ग घालवला होता आणि म्हाताऱ्याचं तोंड बंद केलं होतं. त्या तडक ऑफिसात गेल्या.

“सर, माझा अहवाल खोटा आहे. आकांक्षाला आत्ताच्या आत्ता वर्गात घ्या.”

“मॅडम, खाली सही तुमची आहे. पीएचडीचं काय?”

“राहिली तर राहिली. लिहून देते.” आणि त्यांनी तिथेच लिहून दिलं.

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. “बरं, ही येईल आत. बाकीच्या दहांचं?”

बाईंनी खिडकीतून पाहिलं. दहा मुलं मान खाली घालून गिरवत होती. त्यांचेही फॉर्म बाईंनीच भरले होते, त्यांच्याच घरचा चहा पिऊन.

“तेही खोटेच आहेत.”

“मग नावं घाला कागदावर.”

बाईंनी पेन टेकवलं. एकही नाव आठवेना. त्या उठून व्हरांड्यात गेल्या आणि पहिल्याच मुलीसमोर जमिनीवर बसल्या.

“बाळ, तुझं नाव काय?”

मुलगी घाबरून मागे सरकली. “बाई, परत फॉर्म भरतलास?”