सगळ्यात मोठं कार्ड

‘फोनमध्ये जागा शिल्लक नाही’ हे वाक्य मोनानं आठवडाभरात इतक्यांदा वाचलं होतं, की तो फोन विहिरीत फेकावा असं तिला वाटायला लागलं होतं. दिवाळीचा पाडवा उद्यावर आलेला. उद्या गल्लीतल्या म्हशी शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींमागं पळणार होत्या. त्यात घरची चंद्री यंदा शेवटची पळणार. पुढच्या वर्षी तिच्यानं ते होणार नव्हतं. आणि ज्यानं तिला रेडकू असल्यापासून पळायला शिकवलं, तो राजवीर, मोनाचा नवरा, फौजेत, कुठल्यातरी बर्फात बसलेला. रजा मिळाली नाही. तिकडं रेंज आली तर आली, त्यामुळं व्हिडिओ कॉलचं नावच नको. “चंद्री पळतानाचा व्हिडिओ तेवढा पाठव, पुरा पाठव,” एवढंच त्यानं मागितलं होतं.

म्हणून मोना मेमरी कार्ड आणायला निघाली. एकटी गेली असती तर केव्हाच परत आली असती. पण “म्हशीच्या कामाला मी न्हाय तर कोण?” म्हणत सासरे हंबीरराव, म्हणजे आबा, सोबत निघाले आणि तिथंच सगळं बिघडलं. आबा चार पावलं चालले की थांबायचे. चौकातल्या कट्ट्यावर टेकून तिथं बसलेल्या आकारामला उसाचा दर विचारला. तालमीच्या पायरीवर बसून कुणाच्या तरी पोराच्या कुस्तीची चौकशी केली. मोना पुढं जाऊन उभी राहायची, मागं बघायची आणि दातओठ खायची. अख्ख्या कोल्हापूरची खबर घेतल्याशिवाय या माणसाला रस्ता काही ओलांडवत नव्हता.

मुनव्वरच्या मोबाईलच्या दुकानात शिरल्या शिरल्या आबांनी स्टूल ओढलं आणि फर्मान सोडलं, “सगळ्यात मोठं कार्ड दे.”

“आबा, मोठं नगो, पळणारं बघा,” मुनव्वर म्हणाला.

“पळाय आमची म्हस हाय की! कार्ड कशाला पळाय पायजे?”

मुनव्वरनं हात जोडले. “ह्यात जागा लय हाय, खरं ह्ये लिवतंय लय संथ. व्हिडिओ भराभरा येणार, ह्याला उरकायचं न्हाय, मधीच बंद पडणार. ‘व्ही ३०’ छापलेलं घ्या. माज्याकडचं संपलंय, बिंदू चौकात मिळंल.”

“चला आबा, बिंदू चौकात,” मोना म्हणाली.

आबा स्टुलावरून हलले नाहीत. “ह्येच बांध रं. कोल्हापूरचा माणूस बारकं घेतोय व्हय कवा?”

दुकानातली माणसं हसली. मोनानं कपाळाला हात लावला. चारचौघांत सासऱ्यांचा शब्द खाली कसा पाडायचा? सगळ्यात मोठं कार्ड घरी आलं.

पाडव्याला शेजारच्या जोतीरामनं मोटारसायकलीचा कान फाडणारा आवाज काढला आणि चंद्री मान उंचावून सुटली. मोना रस्त्याच्या कडेला फोन धरून उभी होती. पडद्यावर चंद्रीनं पुढचा पाय उचलला आणि तो तसाच उचललेला राहिला. खाली पट्टी आली, ‘कार्ड संथ असल्याने रेकॉर्डिंग थांबवले आहे.’ मोनानं बटण दाबदाब दाबलं. तोवर खरी चंद्री वळणापलीकडं गेलेली. भर गर्दीत संतापानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“घ्या तुमचं मोठं कार्ड!” ती आबांवर ओरडली. “पोरानं एक गोष्ट मागितली, तीबी तुमी नीट हू दिली न्हाईसा!”

आबा चंद्रीला आणायला वळणाकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी मोना एकटी बिंदू चौकात जाऊन ‘व्ही ३०’ घेऊन आली. येऊन बघते तर आबांनी चंद्रीला पुन्हा माळा घातलेल्या. जोतीराम भाऊबीजेला मोटारसायकल घेऊन मुरगूडला गेला होता.

“मी पळतो म्होरं,” आबा म्हणाले. “ती माज्या हाकंला येती.”

आणि खरंच, आबा हाका मारत पुढं निघाले, चंद्री शिंगं डोलवत मागून धावली. मोनाची नजर मात्र पडद्यावरच्या रेकॉर्डिंगच्या लाल ठिपक्यावर खिळलेली. आता थांबतोय का मग थांबतोय, या धास्तीत तिला दुसरं काही दिसलंच नाही. ठिपका थांबला नाही. व्हिडिओ पुरा आला, स्वच्छ आला, आणि आठवड्यात पहिल्यांदा मोनाचं डोकं थंड झालं.

संध्याकाळी राजवीरचं उत्तर आलं. ‘चंद्री झ्याक पळाली. आबा कवापास्नं लंगडायल्यात? मला का सांगितलं न्हाईस?’

मोनाला अर्थच लागेना. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. आबा उजवा पाय ओढत पळत होते. दर दोन पावलांना हात गुडघ्यावर दाबत होते. तिला कट्टा आठवला, तालमीची पायरी आठवली, मुनव्वरचं स्टूल आठवलं. त्या पायानं बिंदू चौक केवढा लांब पडला असता, तेही आता कळलं. रोज एका घरात राहून आपल्याला हे दिसू नये, याची तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही आबांचा राग आला.

गोठ्याच्या पायरीवरून आबांची हाक आली. “काय म्हणतोय गं राजवीर? म्हस दिसली न्हवं नीट?”

“सगळं दिसलं!” मोना तावातावानं बाहेर येत ओरडली. “गुडघा म्होरं करा आदी.”