दोन्ही बाह्या डाव्या

कॅन्सरने मास्तरांची अर्धी जीभ नेली आणि उरलेल्या मास्तरांना धाकट्या भावाने शिलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बटणं लावायला बसवलं.

तीस वर्षं दुकान एकाच रीतीने चाललं होतं. मास्तर शाळेची पायरी चढले नव्हते, म्हणून ते टेप लावून माप बोलायचे आणि धाकटा वहीत लिहायचा. कापायच्या टेबलाशी मात्र दुसऱ्या कुणाची उभं राहायची टाप नव्हती. आता मास्तरांच्या तोंडून ‘प’, ‘म’ अशी ओठांची अक्षरं तेवढी धड यायची. ‘त’, ‘ल’, ‘स’ लाळेत घसरायची. तरी नीट ऐकलं तर कळायचं. बायकोला कळायचं, नातीला तर पहिल्या दिवसापासून. या धाकट्यालाच मेल्याला कळत नव्हतं!

“एक अक्षर कळत नाही हो. डोक्यावरही परिणाम झालाय बहुतेक,” तो गिऱ्हाइकांना सांगे. मग गिऱ्हाइकं मास्तरांच्या कानाशी येऊन ओरडत, “बरे आहात ना?” कान शाबूत आहेत हे सांगायचं कुणाला आणि कसं?

त्यात डॉक्टरांच्या कोटाचं प्रकरण झालं. दोन्ही बाह्या डाव्या! कापताना कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर धरल्या नाहीत की एकाच हाताच्या दोन बाह्या निघतात. शिकाऊ माणसाची चूक ती. मास्तरांनी त्या कापडाला हातही लावला नव्हता. धाकट्याने खुशाल सांगितलं, “दादाने कापल्या.” तेव्हापासून टेबल गेलं ते गेलंच.

आज वकीलसाहेब कोटाचं कापड घेऊन आले आणि माप मास्तरांनीच घ्यावं म्हणून अडून बसले. धाकटा नाक मुरडत वही घेऊन बसला. मास्तरांनी छाती मोजली, माप सांगितलं.

“काय?”

त्यांनी पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, मध्ये रुमालाने तोंड पुसून.

“नाही कळलं, दादा. बघा साहेब, अशाने तुमचाही कोट वाया जाईल. डॉक्टरांचा गेलाच की.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थांबत बोलायचं, मध्ये गिळायचं, ही दवाखान्यात शिकवलेली सगळी शिस्त राहिली बाजूला. ते एका दमात जे सुटले त्यातलं वकिलांना ओ की ठो कळलं नाही. त्या बाह्या तू कापल्यास, मास्तर म्हणत होते, नालायका, तीस वर्षांत तुला कापडाचं सुलट-उलट कळलं नाही आणि पाप आजारी भावाच्या माथी मारलंस.

धाकटा ताडकन उठला. “हो, मी कापल्या! घाईत सुलट-उलट चुकलं! आणि नालायक कुणाला म्हणतोस? आजारी आजारी म्हणून किती दिवस डोक्यावर बसणार आहेस?”

मशीनवरच्या कारागिराने पाय थांबवला.

“तुम्हाला तर शब्दन् शब्द कळतो,” वकील म्हणाले.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांना गेल्या महिन्यातली एक संध्याकाळ आठवली. दोघंच दुकानात असताना ते धाकट्याला म्हणाले होते, मला मरणाची भीती वाटते रे. तो “काय? नाही कळलं,” म्हणाला आणि दिवे बंद करायला निघून गेला.

तेही याला कळलं होतं.