भीती उतरायच्या आत

१९७८ सालच्या माघात, भरदुपारी, पिंपळगाव राजाजवळच्या नाल्यात बिबट्याने मनकर्णाबाईच्या वगारीवर झडप घातली. वगारीची आई, चंद्री म्हैस, मुसंडी मारून मधे घुसली. मागून मनकर्णाबाई काठी घेऊन धावली, खडकावर आपटली, उठून पुन्हा धावली. बिबट्या पळाला, वगार वाचली, पण म्हशीची मांडी वीतभर फाटली.

गुरांचे डॉक्टर कचरू इंगळे सायकल दामटत आले, तेव्हा चंद्री नाल्याकडे तोंड करून बाभळीला बांधलेली होती. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. मांडीतून रक्त गळत होतं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. मनकर्णाबाईचा दीर निवृत्ती कासरा धरून उभा होता.

डॉक्टरांनी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. खडकाळ रस्त्यात भुलीच्या औषधाची बाटली फुटली होती. नवी आणायची तर खामगाव गाठायला हवं, आणि तेवढा वेळ नव्हता.

जखम धुऊन त्यांनी कडेला सुईचं टोक टोचून पाहिलं. चंद्रीची कातडीसुद्धा हलली नाही. जरा जोराने टोचलं, तरी नाही.

डॉक्टरांना एकदम काहीतरी आठवलं. नागपूरच्या वर्गमित्राने धाडलेला एक लेख त्यांनी घड्या फाटेस्तोवर वाचला होता. मेंदू स्वतःच अफूसारखं द्रव्य तयार करतो, असं त्यात होतं. जिवावर बेतलं की हेच द्रव्य दुखणं दाबून धरत असेल, असा त्या मित्राचा अंदाज होता. आधी जीव, मग दुखणं!

"वगार आणतो," निवृत्ती म्हणाला. "तिले पाहून हे शांत होईन."

"आत्ता नाही!" डॉक्टर ओरडलेच. "शांत झाली की दुखणं जागं होईल. मले पंधरा मिनिटं द्या."

ते भराभर टाके घालू लागले. पाच, आठ, अकरा. म्हैस दगडासारखी उभी. तेवढ्यात जवळच्या गोठ्यातून वगार ओरडली. चंद्रीचे कान वळले, ताठ मान सैल पडली, आणि पुढच्या टाक्याला तिने अशी लाथ झाडली की पेटी उडून बाभळीवर आदळली.

"उतरून राह्यली भीती! धरा!" डॉक्टर ओरडले.

मनकर्णाबाईने म्हशीच्या शिंगाला मिठी मारली. निवृत्तीने पाय दोरीत अडकवला. डॉक्टरांनी उरलेले चार टाके घामाने डोळे झोंबत असताना घातले. मग पायाची दोरी काढून वगार सोडली. चंद्रीने तिला चाटलं आणि एकदम थरथर कापत, कण्हत तो पाय वर उचलून धरला.

"पाहा! आलं दुखणं! अगदी तसंच!" डॉक्टर टाळी वाजवून हसले.

"थे रडून राह्यली अन् तुमी हासता काऊन, डाक्टरसाहेब?" मनकर्णाबाईने विचारलं.

डॉक्टर खजील झाले. गवतात सांडलेली औषधं चाचपून त्यांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन शोधलं. ते देताना त्यांची नजर मनकर्णाबाईच्या मनगटावर गेली. ते सुजून दुप्पट झालं होतं आणि वाकडंही दिसत होतं.

"मावशी, हात कधी मोडला?"

तिने हाताकडे पाहिलं. "मोडला?" असं म्हणते न म्हणते तोच तिचा चेहरा पांढरा पडला. "अवं माय वं!" करत ती मटकन खाली बसली. डॉक्टरांनी बांबूच्या कामट्या लावून हात बांधला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हंजे माह्याबी डोक्यात अफू व्हती?"

"होती ना! म्हणून तर त्याच हाताने शिंग धरलं."

खामगावच्या दवाखान्यात जाताना एसटीत निवृत्ती आणि डॉक्टर तिच्या दोन बाजूंना बसले होते. गाडी आदळली की ती कळवळे, आणि कळ ओसरली की पुन्हा विचारायला लागे.

"बिबट्यालेबी असन का थे?"

"असणार."

"माशाले?"

"बहुतेक."

"अन् मुंगीले?"

डॉक्टर म्हणाले, "लेखात मुंगीचं काही नव्हतं."

"मंग शोधा ना," मनकर्णाबाई म्हणाली आणि बांधलेला हात सावरत खिडकीकडे सरकली. डॉक्टरांनी खिशातलं एक कोरं पोस्टकार्ड काढलं आणि हलत्या गाडीतच मित्राला लिहायला घेतलं.