देवळाकडचा फाटा

मोटरसायकल लवकर सुरू होईना. आकाराम किकवर किक मारत होता. त्याच्या पाठीला टेकून अकरा वर्षांची निशिगंधा बसली होती आणि तिला मागून धरून त्याचा धाकटा भाऊ बाळासो. पोरीच्या उजव्या अंगठ्याखाली दोन लाल ठिपके होते. मनगट आत्ताच सुजून चकाकायला लागलं होतं.

दारात त्यांची आई बयाबाई उभी होती. एवढ्या गडबडीतही तिनं नारळ आणि उदबत्ती शोधून आणली होती. ते बाळासोच्या हातात कोंबत ती म्हणाली, "थेट गाभाऱ्यापुढं न्हेऊन बसवा. गुरवाला सांगा, आकारामची पोरगी हाय. मी मागनं चालत आलेच."

आपण मान हलवली की नाही, हे आकारामला नंतर कधीच आठवलं नाही. गाडी सुरू झाली.

मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीतली ही त्याची वाडी. तो स्वतः कोल्हापुरात शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करायचा. पण भाताच्या कापणीला रजा काढून गावी यायचं त्यानं कधी चुकवलं नाही. यंदा दिवाळीची सुट्टी म्हणून लेकही बरोबर आली होती. बायको स्वप्नाली तिच्या आईच्या आजारपणामुळं पेठेतच थांबली होती.

दुपार कलताना निशिगंधानं भाताची एक पेंढी उचलली आणि "पप्पा, काहीतरी टोचलं," एवढंच म्हणाली. आकारामनं वळून बघितलं. पेंढीच्या जागेवर मातकट रंगाचं जाड जनावर पडलं होतं, पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे काळपट गोल. ते पळालं नाही, जागेवरच फुसकारत राहिलं. आकाराम शेतात वाढलेला माणूस. ती घोणस आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

वाडीत साप चावला की माणसाला भैरोबाच्या देवळात न्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गाभाऱ्यापुढं बसवायचं, तीर्थ पाजायचं, अंगारा लावायचा आणि रात्रभर डोळा लागू द्यायचा नाही. सकाळी माणूस आपल्या पायांनी पायऱ्या उतरला, की भैरोबानं सोडवला म्हणायचं. या रीतीचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे आकारामच होता. सात वर्षांचा असताना त्याला बांधावरच्या गवतात चावलं. बापानं खांद्यावर टाकून देवळात नेलं. पहाटे तो उठून बसला आणि भूक लागली म्हणाला. तेव्हापासून वाडीत तो देवाचा पोरगा झाला.

बयाबाईनं त्याचं वशाट कायमचं सोडवलं. शिवाजी पेठेत रविवारी घराघरातून मटणाचा वास सुटायचा, स्वप्नाली पोरीसाठी वेगळ्या भांड्यात रस्सा करायची आणि हा माणूस शेजारी बसून दहीभात खायचा. फौंड्रीतली माणसं त्याला महाराज म्हणून चिडवायची. तो हसायचा. भट्टीपुढं उभं राहण्याआधी क्षणभर डोळे मिटायचा. दर अमावस्येला एसटीनं वाडीला जाऊन देवापुढच्या समईत तेल घालून यायचा. कुणाशी वैर नाही, कसलं व्यसन नाही. हा जन्म देवानं परत दिलेला आहे, तर तो नीट सांभाळावा, एवढंच त्याला कळायचं. लेक लहान होती तेव्हा तिला झोपवतानाही तो हीच गोष्ट सांगायचा, आणि ती दर वेळी विचारायची, मग सकाळी काय खाल्लं?

आता गाडी चालवताना त्याच्या मनात भलताच विचार आला. आपल्याला चावलेला साप कुणी बघितलाच नव्हता. गवतात काहीतरी सळसळलं आणि पायाला चटका बसला, एवढंच त्यालाही आठवत होतं. ते काहीही असू शकत होतं. इतक्या वर्षांत हा विचार त्याला शिवला नव्हता. तो आज यावा, आणि देऊळ समोर दिसत असताना यावा, याचीच त्याला भीती वाटली.

वाडीच्या बाहेर रस्ता फुटतो. डावीकडं चढावर देऊळ, सरळ गेलं की मलकापूर. कळसावरचं निशाण वाऱ्यावर हलत होतं.

"दादा, वळ की," बाळासो म्हणाला.

"मी बघितलाय त्याला, बाळा. घोणस हाय."

"मग तर देवाच्याच पायावर घालूया. तुला बी तिथंच न्हेलतं."

"मला काय चावलतं, कुणाला ठाव हाय?"

बाळासोनं पोरीला आणखी घट्ट धरलं. गाडी सरळ पुढं गेली. आकारामनं डावीकडं बघितलं नाही, तरी कुणीतरी आपल्या पाठीवर नजर रोखून आहे, असं त्याला कितीतरी वेळ वाटत राहिलं. लेकीचा गरम श्वास मानेला लागत होता. देवळात नेऊन काही वाईट झालं असतं, तर देवाची मर्जी म्हणून कपाळाला हात लावता आला असता. आता काही झालं तर ते त्यानं केलेलं असणार होतं. एकट्यानं.

मलकापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण त्यांनी क्षणही घालवला नाही. पोरीचं थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. नळीला कुणी हात लावू नका, म्हणाल्या. वीस मिनिटांनी बघू. रक्त गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष अंगात भिनलं असं समजायचं.

आकाराम त्या नळीसमोरच्या स्टुलावर बसून राहिला. बाळासो बाहेर स्वप्नालीला फोन लावत होता. पलीकडच्या खाटेवर निशिगंधा कण्हत होती. सूज कोपरापर्यंत चढली होती. सवयीनं त्याच्या तोंडात भैरोबाचं नाव यायचं आणि तो ओठ मिटून घ्यायचा. ज्याच्या दारावरून गाडी तशीच हाकली, त्यालाच हाक कुठल्या तोंडानं मारायची? पण दुसऱ्या कुणाला हाक मारायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी येऊन नळी हलकेच कलती केली. रक्त पाण्यासारखं काठाकडं धावलं.

त्यांनी लगेच सलाईनमधून विषावरचं औषध सुरू केलं आणि कोल्हापूरला न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली. घोणशीचं विष किडनीवर जातं, त्यावरच्या उपचारांची सोय इथं नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. तुम्ही वेळेत आणलंत, असंही त्या म्हणाल्या, पण आकारामच्या कानात किडनी हा एकच शब्द राहिला.

ॲम्ब्युलन्समध्ये निशिगंधाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आकाराम रुमालानं पुसत होता, पुसलेलं परत भरून येत होतं. बांबवडे गाव मागं पडल्यावर तिनं डोळे उघडले.

"पप्पा, भैरोबाला सांगितलंय न्हवं?"

आकारामनं रुमालाची घडी बदलली.

"तुम्हाला उठवलं तसं मला बी उठवील न्हवं?"

"व्हय," तो म्हणाला. "सांगितलंय."

ती परत डोळे मिटून पडली. आपण आयुष्यात देवाच्या नावानं पहिल्यांदा खोटं बोललो, हे त्याला कळलं. खिडकीतून उसाची शेतं मागं पळत होती. त्यानं पोरीचा चांगला हात दोन्ही हातांत धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात स्वप्नाली उभीच होती. पोरीला आत नेलं आणि दार बंद झालं, तशी ती आकारामकडं वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं विचारलं ते एकच.

"अहो, देवळात थांबला न्हवता न्हवं?"

"न्हाय. सरळ मलकापूरला आणली."

स्वप्नाली तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. फोन आल्यापासून ती त्याच एका भीतीत होती. आपला नवरा पोरीला घेऊन देवळातच गेला असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आकाराम तिच्याकडं बघत राहिला. पंधरा वर्षांच्या संसारात या बाईनं त्याच्या उपासांना, अमावस्यांना कधी नाक मुरडलं नव्हतं. आणि तरी ती आतून त्याच्या देवाला एवढी भीत होती.

दुसऱ्या दिवशी निशिगंधाची लघवी बंद झाली. डायलिसिस सुरू केलं. डॉक्टर रोज येऊन तेच सांगायचे, वय लहान आहे, किडनी परत चालू होऊ शकते, वाट बघावी लागेल. होऊ शकते म्हणजे होईल का, हे विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही. पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी रिकामीच लोंबायची. आकाराम आत गेला की आधी पोरीच्या तोंडाकडं बघायच्या ऐवजी त्या पिशवीकडं बघायचा आणि मग त्याला स्वतःची लाज वाटायची.

बाळासो वाडीला जाऊन आला. आई घरी नाही, म्हणाला. ती भैरोबाच्या देवळात जाऊन बसलीय, जिथं पोरीला बसवायचं होतं त्या जागेवर. अन्न घेत नाही, कुणाशी बोलत नाही. आकारामनं ऐकून घेतलं. आई आपल्याला शाप देत नसणार, हे त्याला माहीत होतं. तरी त्या दिवशी तोही जेवला नाही.

आणि मग एका सकाळी बयाबाईच दवाखान्यात आली. एकटी, एसटीनं. पोरगी पुढं बरी झाली, डायलिसिस बंद झालं, अंगठा तेवढा कायमचा वाकडा राहिला. पण त्या सकाळी यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. पिशवीत पहाटे पहिल्यांदा थोडी लघवी उतरली होती, आणि त्यावर भरवसा ठेवावा की नाही, हेही कळत नव्हतं. स्वप्नाली आत होती. आकाराम बाहेरच्या बाकावर बसला होता.

बयाबाई शेजारी येऊन टेकली. तिच्या कपाळावर अंगारा होता. ती निम्मी झाली होती.

"फाट्यावरनं वळला न्हाईस. बाळानं सांगितलं," ती म्हणाली.

"आई, मला चुकलं म्हणता यायचं न्हाय."

"मी कुठं म्हणतीया."

स्ट्रेचर ढकलत माणसं पुढून गेली.

"तुझ्या आधी एक पोरगी हुती मला."

आकारामला ते माहीत होतं. तापानं गेली, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता.

"ताप न्हवता," बयाबाई म्हणाली. "भातातच चावलं. तिला बी तिथंच बसवलं. रातभर मांडीवर घेतलतं मी. सकाळी ती न्हाय उठली." तिनं पदर सारखा केला. "गावात कुणी बोलत न्हाय. देवाचं नाव खराब हुतंय. मग तुला चावलं, आन् तू उठलास. आता मी देव न्हाय कसं म्हणू, सांग."

आकारामच्या डोळ्यांसमोर ते देऊळ आलं, ती फरशी आली आणि तिच्यावर दुसऱ्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेली तरुण बाई आली. पहिलं लेकरू याच जागेवर गेलं, हे माहीत असताना ती रात्रभर तिथं बसली होती. आपल्या गोष्टीत ही बाई कधी नव्हतीच.

"नाव काय हुतं तिचं?" त्यानं विचारलं.

"ताना," ती म्हणाली. "तानाबाई. माझ्या आईचं ठेवलं हुतं."

आकाराम उठला आणि दवाखान्यासमोरच्या गाड्यावरून चहा आणि खारी घेऊन आला. काही खाल्लंस का, असं त्यानं विचारलं नाही. खारी चहात बुडवून त्यानं तिच्या हातात दिली. तिनं ती तोंडात घातली आणि हळूहळू चावत राहिली. मग दुसरी मागितली.