भिंतीकडे तोंड केलेली पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. माझ्यावर शाळेतल्यासारखी मुळाक्षरे नाहीत. एक निळा बाण आहे आणि त्याखाली एवढेच लिहिले आहे : 'दारू सोडायची आहे? मागच्या जिन्याने वर या.' अक्षरे जरा तिरकी आहेत, कारण ती एका सुताराने रंगवली आणि त्याचा हात करवतीला सरावलेला, कुंचल्याला नाही.

पाटी होण्याआधी मी त्याच सुताराच्या घरातल्या कपाटाचे दार होते. माझ्या आड रंगाचे डबे असत आणि डब्यांच्या आड बाटल्या. मला उघडले, की बिजागरी कुरकुरायची आणि स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचा हात थांबायचा. मला फार लाज वाटायची. लपवणे हेच माझे काम होते आणि ते मी चोख करत होते.

पुढे सुतार दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जाऊ लागला. ही मंडळी आठवड्यातून एका संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत गोल करून बसत आणि आपापली खरी हकिगत सांगत. पण वाचनालयाचे पुढचे दार त्या वेळी बंद असे. जिना मागच्या बोळात होता आणि खुद्द सुतारही पहिल्यांदा तो न सापडल्याने परत गेला होता. म्हणून एक दिवस त्याने मला बिजागरीतून सोडवले, कापले, घासले, रंगवले. त्याच्या बायकोने मला उन्हात वाळत ठेवले आणि माझी ती जुनी लाज तिथेच राहिली. तेव्हापासून मी बोळाच्या तोंडाशी उभी राहू लागले.

सुताराने एक रीत घालून दिली. मला बाहेर ठेवायचे काम सगळ्यांत नव्या माणसाचे. "परवापर्यंत जो जिना शोधत होता, त्यालाच कळतं पाटी कुठे दिसायला हवी," असे तो म्हणायचा. सभा संपली, की जाणारे मला प्रेमाने थापटून जात. पुढे सुतार वारला, पण रीत चालू राहिली.

एकदा नवा माणूस होता एक बसचालक. नेमके बोळासमोरच्या टपरीवर त्याच्या आगारातले सोबती चहाला जमत. मला घेऊन तो खाली आला, तोच टपरीवरचे हसणे त्याने ऐकले. इकडेतिकडे बघून त्याने मला भिंतीला टेकवले, पण बाण भिंतीकडे करून. काम केल्यासारखेही झाले आणि कोणाला दिसलेही नाही! मी पुन्हा कपाटाचे दार झाले. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

थोड्या वेळाने एक शिवणकाम करणारी बाई आली. घाईत मापाची फीत तिच्या गळ्यातच राहिली होती. सोबत तिचा थोरला भाऊ होता, अंग चोरून चालणारा.

"दादा, इथंच सांगितलंय. वाचनालयाच्या वर."

"दार तर बंद आहे. चिमे, काय ठरलं होतं आपलं? आज एकदाच यायचं. नाही सापडलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

ती माझ्यासमोरून दोनदा गेली. तिला फक्त माझी पाठ दिसली. मित्रांनो, मला बाण आहे, पण तोंड नाही. मी मनातल्या मनात किती ओरडले असेन!

"इथंच म्हणाले होते रे," ती म्हणाली आणि मागे वळली. "बरं. चल घरी."

वरची खिडकी उघडी होती. वर सभेत जाऊन बसलेल्या चालकाने ते ऐकले आणि धडाधड जिना उतरून तो खाली आला. त्याने मला उचलले, फिरवले आणि थेट डोक्यावर धरले.

"अहो ताई! जिना इकडे आहे! दादांना घेऊन या!"

टपरीवरून कोणीतरी ओरडले, "काय रे, पाट्या विकायला लागलास का?"

चालकाने मला खाली घेतले नाही. "नाही रे," तो म्हणाला. "मी दारू सोडतोय. इथंच येतो."

भाऊ बाणाजवळ आला.

"उलटी का ठेवली होती?" त्याने विचारले.

"लाज वाटली. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर सापडू नये असं वाटत होतं."

एवढे बोलून तो जिना चढला. बहीण खालच्या पायरीवर बसली आणि गळ्यातली फीत हातात घेऊन रडली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात मला भावाने बाहेर आणले. ठेवून तो रस्त्यापलीकडे गेला, तिथून मला पाहिले, परत आला आणि मला हातभर पुढे ओढले. बघायचे नाही असे ठरवून येणाऱ्यालाही दिसेन, अशी.

आता माझ्या कडा फुगल्या आहेत, रंग उडाला आहे. कोणी मला सायकल टेकवतो, तुम्ही मुले मला क्रिकेटच्या यष्ट्या म्हणून उभी करता. खुशाल खेळा. पण घरी जाताना माझा बाण जिन्याकडे करून जा. त्या संध्याकाळीही कोणीतरी 'आज एकदाच' असे ठरवून आलेले असेल.