मिठाने पुसलेली मंदारिका

मित्रांनो, काळूरामच्या मिठागराच्या कोठीत, मिठाच्या राशीवर पांघरलेलं जे मळकट, ठिगळांचं कापड दिसतंय ना, ते मी. मी एक जुनं शीड आहे. हसू नका. एके काळी नुरुद्दीन तांडेलाच्या मचव्यावर मी वाऱ्याने फुगलं की रेवसच्या बंदरातली माणसं कपाळावर हात धरून बघत राहायची. आणि एका संध्याकाळी तर अख्ख्या गावाने माझ्यावरून नजर हलवली नाही. तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं १९२७ साली. दोन वर्षांनी वादळात मी उभं फाटलं, तेव्हा मला सांधलं ते गुणाजीने.

गुणाजी हा नीराबाईचा एकुलता एक मुलगा. सोळाव्या वर्षी घर सोडून तो नाटक कंपनीत गेला आणि आठ वर्षं 'मंदारिका' नाटकात नायिका झाला. राजकन्या मंदारिका आणि शत्रूच्या घरचा जयपाल यांच्या प्रेमाचं ते नाटक. जयपाल कबूल केलेल्या वेळेला येत नाही, तो मेला असं समजून ती विष घेते, आणि तेवढ्यात तो दारात उभा राहतो. भले भले रडत म्हणे. पण नीराबाईच्या डोक्यात एकच बसलं होतं, की माझ्या पोराने लुगडं नेसून चारचौघांत नाचायचं? तिने ते नाटक एकदाही पाहिलं नाही. कंपनी बुडाली, गुणाजी घरी आला. तिने भाकरी वाढली, अंथरूण घातलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. दोन वर्षं असंच चाललं होतं.

तो नुरुद्दीनच्या पडवीत बसून शिडं शिवायचा. दाभण चालायचं आणि ओठांतल्या ओठांत मंदारिकेची वाक्यंही चालायची. ऐकून ऐकून मलाही ती पाठ झाली. एकदा माझ्यावर ठिगळ लावता लावता तो म्हणाला, "चाचा, आईने एकदा नुसतं 'गुणा' म्हणून हाक मारली ना, तरी पुरे मला."

नुरुद्दीनने सुतळीचं बंडल पुढे सरकवलं.

१९३१ च्या शिमग्याआधी गावात फिरता सिनेमा आला. आणि आला कोणता, तर त्याच नाटकावरचा, मुका. होडीतून उतरवताना तंबूवाल्याचा पडदा चिखलात पडला, म्हणून नुरुद्दीनने मला दिलं. दोन बांबूंच्या मध्ये मला ताणून बांधलं. पुरुष माझ्या पुढे बसले, बायका मागे. तेव्हा रीतच होती तशी. पडदा ओला केला की चित्र आरपार दिसायचं, फक्त मागच्या बाजूने उलटं. पडद्यावर लिहून येणाऱ्या वाक्यांची अक्षरंही उलटीच. म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवायला तंबूवाला एक माणूस बाळगायचा. त्याचा नेमका घसा बसला होता.

"चालू करा. मला पाठ आहे," गुणाजी म्हणाला, आणि माझ्या कडेला कनातीच्या आडोशाला जाऊन बसला.

नीराबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. नुरुद्दीनची बायको खतिजा तिला हाताला धरून घेऊन आली होती. "अगं, हे नाटक न्हाय, चित्र हाय. चल मुकाट्याने." पण मंदारिकेचं पहिलं वाक्य कानावर पडलं आणि नीराबाई उठायला लागली. पोटच्या पोराचा आवाज आईला कळणार नाही तर कुणाला? खतिजाने तिचा पदर धरला. "बस, नीरा. आज तरी बस."

आता मला भिजवण्याचं काम होतं काळूरामकडे. विहीर लांब. कापड ओलंच करायचं तर मिठागराचं पाणी काय वाईट, असा त्याचा हिशेब. दर रीळ बदलताना त्याने मला त्या दाट खाऱ्या पाण्याने न्हाऊ घातलं. वरून खाडीचा कोरडा वारा. शेवटच्या रिळापर्यंत माझ्या अंगावर मिठाचा असा थर चढला की पुढून चित्र लख्ख दिसत होतं आणि मागे पार पुसलं गेलं. मंदारिकेने विषाचा पेला हातात घेतला आणि बायकांच्या बाजूला नुसता पांढरा अंधूक उजेड उरला. मला लाजेने मेल्यासारखं झालं. काळूराम आणखी एक बादली घेऊन धावला, तर खतिजाच त्याच्यावर खेकसली, "पुरे कर मेल्या. ऐकू दे."

मग उरला तो फक्त गुणाजीचा आवाज. जयपाल आला. मंदारिकेचं शेवटचं वाक्य गुणाजीने अगदी हळू म्हटलं, "उशीर झाला, पण तुम्ही आलात."

बायका डोळे पुसत होत्या. नीराबाई मान खाली घालून बसली होती. खेळ संपला तशी ती कुणाशी न बोलता घरी गेली. गुणाजी बराच वेळ माझ्या दोऱ्या सोडत राहिला. मला वाटलं, हेही फुकट गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला पडवीत पसरून हाताने मीठ खरवडत होता. नीराबाई आली. कडेवर एक कळशी, डोक्यावर एक, दोन्ही गोड्या पाण्याने भरलेल्या. लांबच्या विहिरीवरून आणलेलं ते पाणी तिने माझ्यावर ओतलं, लुगडं खोचून खाली बसली आणि दोन्ही हातांनी मला चोळू लागली.

"गुणा," ती मान वर न करता म्हणाली, "मला लई उशीर झाला रं. पण मी आले."

त्याने तिच्या ओल्या हातांवर कपाळ टेकलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावर पडलेलं सगळंच पाणी काही विहिरीचं नव्हतं.

पुढे बोलके सिनेमे आले, मचव्याला नवं शीड आलं आणि मी इथे पडलं. तक्रार नाही माझी. जुन्या कापडाला कुणी अधूनमधून धुतलं, टाका घातला, तर ते अजून वापरात येतं, एवढंच माझं म्हणणं. आणि तुमच्या घरात कुणाशी बोलणं राहून गेलं असेल, तर माझ्यासारखं एखादं शीड मध्ये येईपर्यंत थांबू नका. आजच दोन कळशा भरून घ्या.