लोड बरा झाला

“आला! रंग आला!” पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि खोलीतली चाळीस माणसं एकदम उठून उभी राहिली.

गालिचे धुण्याच्या कारखान्यावरची ती लांबट खोली. भिंतींवर जुने गालिचे, खोगिरावरच्या विणलेल्या पिशव्या, भरतकामाचे पडदे टांगलेले. मधोमध जमिनीवर एकच लाल गालिचा. त्यावर इतका वेळ पालथी पडलेली बाई नुकतीच उठली होती, आणि जिथे तिची छाती टेकली होती तिथे स्वतःला गालिच्यांचा पारखी म्हणवणाऱ्या माणसाने ओलं पांढरं कापड दाबून धरलं होतं. उचललं तेव्हा त्यावर तळहाताएवढा लाल डाग होता.

“हा रंग नव्हे, हा रोग आहे रोग!” पारखी कापड फडकवत म्हणाला. “तीनशे वर्षांपूर्वी एका विणकराने प्रत्येक गाठीत आपला एकेक श्वास बांधला. माणूस विसरतो, धागा विसरत नाही. अंगातलं दूषित तो ओढतो आणि बाहेर टाकतो. डॉक्टर कापतात हो, हा गालिचा खेचतो!”

लोकांनी हात जोडले. भिंतीला टेकलेल्या, जुने गालिचे सांधून देणाऱ्या रफूगार बाईने मात्र जोडले नाहीत. गालिच्यावरून उठलेली ती बाई तिची सख्खी थोरली बहीण होती.

ही मंडळी अडाणी होती असं मात्र समजू नका. त्यांच्यात निवृत्त प्राध्यापक होते, वकील होते, एक इंजिनियर होता. जुन्या गालिच्यांच्या वेडापायी ही सगळी दर रविवारी दुपारी जमत. एका म्हाताऱ्याला तर सगळे गाठमोजे काकाच म्हणत, कारण कुणाच्या घरी गेले की ते आधी गालिचा उलटा करून भिंगातून गाठी मोजत आणि मग घरच्यांची विचारपूस करत. ह्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं कुठल्याही विकणाऱ्याला जमलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात एक पांढरा रुमाल असे. तो ओला करून लाल रंगावर घासायचा. रुमालाला रंग लागला की समजायचं, रंग कच्चा, जुनेपणाच्या सगळ्या बाता खोट्या; उठायचं आणि चालू पडायचं. झाडाच्या मुळांपासून काढलेला जुना, पक्का रंग असा सुटत नाही. ही परीक्षा रफूगार बाईला शिकवली होती ती ताईनेच.

आणि तीच माणसं आता ओल्या पांढऱ्या कापडावरचा लाल डाग पाहून हात जोडत होती. विकत घ्यायची वस्तू माणूस तपासतो. पुजायची वस्तू तपासायला त्याला लाज वाटते. पारख्याला हे पक्कं ठाऊक होतं. “संशयाने हात लावाल तर गालिच्याची शक्ती जाईल,” असं त्याने पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. ह्या मंडळींनी वर्गणी काढून हा गालिचा कायमचा विकत घ्यावा, अशी बोलणीही तो गोडीगुलाबीने पुढे रेटत होता.

ताईच्या स्तनात गाठ होती. गालिच्यावरच्या ह्या पहिल्या रविवारच्या थोडेच दिवस आधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “लहान आहे. आत्ता काढली तर तुम्ही माझ्याहून जास्त जगाल.” ऑपरेशनची तारीखही ठरली. मग पारखी उगवला. तारीख पुढे गेली, आणि नंतर रद्दच झाली.

“अगं, डाग बघ ना,” ताई म्हणायची. “सुरुवातीला रक्तासारखा होता, आता गुलाबी येतो. निघून चाललंय सगळं.”

रफूगार बाई त्यावर गप्प बसायची. ह्याला कारण होतं, आणि ते तिला आतून पोखरत होतं. दुसऱ्या महिन्यात पारख्याने गालिच्याचा उसवलेला काठ तिच्याकडे शिवायला दिला होता. सुटलेला धागा ओला करून पिळताना तिची बोटं लाल झाली. तिला तिथेच सगळं कळलं. पण ऑपरेशनच्या धसक्याने झोप उडालेली ताई तेव्हा कुठे हसायला लागली होती. बिचारीचं हसू कशाला मोडा, दोन-चार रविवारांत आपोआप डोळे उघडतील, असं मनाशी म्हणून तिने हात धुऊन टाकले. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती त्याहून वाईट निघाली.

मग चौथ्या महिन्यात एका सकाळी ताईचा हात वर होईना म्हणून ती तिला कपडे घालायला मदत करत होती. तेव्हा तिने गाठ पाहिली. लिंबाएवढी झाली होती, आणि वरची कातडी ताणून काळपट पडली होती.

“कापडावर तर आता जवळजवळ काहीच येत नाही,” ताई म्हणाली.

रफूगार बाई पलंगावर बसली. “ताई, तो कापड कशात भिजवतो गं?”

“त्याच्या तांब्यात.”

“पहिल्या वेळी तांब्यातून वाफ येत होती?”

“येत होती की. शुद्धीसाठी पाणी उकळतो म्हणाला.”

“आणि आता?”

“आता गार असतं. का गं?”

रविवारी ती खोलीत आली ती एक थर्मास, पाण्याच्या दोन बाटल्या आणि काखेत घरचा लोड घेऊन.

“आज माझ्या लोडाला बरं नाही,” ती म्हणाली आणि तिने लोड गालिच्यावर टाकला. लोक हसले. पारखी हसला नाही.

थोड्या वेळाने तिने लोड उचलला, थर्मासमधल्या गरम पाण्यात रुमाल भिजवून तिथे दाबला. लालभडक डाग आला.

“बाळ, हा आधीच्यांचा रोग आहे,” पारखी घाईघाईने म्हणाला. “गालिच्यात साठून राहतो तो.”

“असेल.” तिने शेजारीच दुसरा रुमाल कोमट पाण्यात भिजवून दाबला. डाग गुलाबी आला. तिसरा गार पाण्यातला. तो जवळजवळ कोराच निघाला. “माणसाला चार महिने लागतात ना? माझा लोड पाच मिनिटांत बरा झाला.”

आता कुणी हसलं नाही.

“कच्चा रंग गरम पाण्याने जास्त सुटतो, गार पाण्याने कमी,” ती म्हणाली. “प्रत्येकाला पहिल्या दिवशी उकळतं पाणी, मग दर रविवारी थोडं थोडं गार. एवढीच ह्यांची विद्या.”

“श्रद्धा नाही तिच्या हाताला!” पारखी ओरडला. “तिच्या हातून काय खरं दिसणार?”

“मग माझा हात नको.” ती म्हाताऱ्याकडे वळली. “काका, हा गालिचा बाजारात दिसला असता तर तुम्ही काय केलं असतं? तेवढंच करा.”

गाठमोजे काका कण्हत खाली बसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी सवयीने जिभेला लावला, एका लाल फुलावर जोर लावून घासला आणि उजेडाकडे धरला. पन्नास वर्षांची सवय, शब्द आपोआप बाहेर पडले. “कच्चा आहे. चला, उठा.”

आपण काय बोललो ते त्यांना मग कळलं. रुमाल हातात घेऊन ते तिथेच बसून राहिले. “हा कारखान्यातला रंग,” ते हळू आवाजात म्हणाले. “असल्या रंगाचा शोध लागून दोनशे वर्षंही झाली नाहीत. तीनशे वर्षांपूर्वी तो आला कुठून? मला हे आधी का सुचलं नाही?”

पारख्याने तांब्या उचलला आणि गालिचा तिथेच टाकून जिना उतरला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतली एक बाई एवढंच म्हणाली, “आमच्या ह्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. जाऊन पंधरा दिवस झाले. त्यांचाही डाग फिका होत होता.”

दुसऱ्याच दिवशी दोघी बहिणी दवाखान्यात गेल्या. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी ताईचा हात हातात घेतला. “फुफ्फुसात पोचलंय. औषधं देऊ, त्रास कमी करू. पण बरं करीन असं मी म्हणणार नाही. खोटं सांगणारा तुम्हाला आधीच भेटलाय.”

बाहेरच्या बाकावर ताईने आपला पांढरा रुमाल काढून मांडीवर पसरला. मग म्हणाली, “रुमाल घासायला तुला मीच शिकवलं ना?”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “काठ शिवताना. दुसऱ्या महिन्यात.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. “मी घाबरून आंधळी झाले होते गं. तुला तर दिसत होतं.”

तिला दिसत होतं, हेच खरं. म्हणून आता सांगायचं ते सरळ सांगतो. गालिचा घेताना जेवढी अक्कल लावता, तेवढी तरी जीव दुसऱ्याच्या हाती देताना लावा. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी रुमाल ओला करा. आणि आपली बोटं लाल झाली तर ती धुऊन गप्प बसू नका, समोरचा कितीही हसत असला तरी त्याच दिवशी बोला. ती त्या दिवशी बोलली असती तर ताईचे दोन महिने हातात राहिले असते.